लिटर नंतर, आधी पाठीचं माप

नाशिकमध्ये मेन रोड असो की कॉलेज रोड, दुकानात जाऊन सॅक मागितली की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरची दाखवू?" गिऱ्हाइकाकडेही उत्तर तयार असतं. चाळीस, पन्नास, ट्रेकला जायचं असेल तर साठ. मग रंग, कप्पे, लॅपटॉपची जागा, मोबाइलची वायर बाहेर काढायचं भोक आणि सरतेशेवटी भाव. एवढ्या सगळ्या बोलण्यात ज्या पाठीवर ती सॅक चढणार आहे, तिचा विषय एकदाही निघत नाही. चप्पल घेताना आपण पायाचा नंबर सांगतो. सॅक घेताना मात्र तिच्यात किती मावतं एवढंच विचारतो. तेच दहा किलो दोन तास चालल्यावर हलके वाटणार की डोईजड होणार, हे लिटरवर ठरत नाही. ते ठरतं दोन गोष्टींवर. सॅकच्या पाठीची लांबी तुमच्या पाठीशी जुळते का, आणि वजन खांद्यावर लटकलंय की कमरेच्या हाडावर टेकलंय. कापड, चेन, खिसे, पावसाचं आवरण हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण या दोन गोष्टी चुकल्या तर त्यातलं काहीही कामाला येत नाही.

खांदा मुळात ओझं पेलण्यासाठी घडलेला नाही. हाताचा सगळा सांगाडा धडाच्या हाडांना जोडलेला असतो तो फक्त कॉलरबोनच्या आतल्या टोकाशी. बाकी सगळं स्नायूंनी तोलून धरलेलं असतं. त्यावर पट्टा टेकवून दहा किलो लटकवले की ते स्नायू एक क्षणही सैल सोडता येत नाहीत. मान आखडते, दोन खांद्यांच्या मधे ठणका लागतो आणि पट्टा अरुंद असेल तर बोटांना मुंग्या येतात, कारण हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या याच भागातून जातात. याउलट कमरेचं हाड रोजच्या रोज अख्ख्या धडाचं वजन पायांकडे पोचवत असतं. त्याला आणखी आठ-दहा किलो फारसे जाणवत नाहीत. नीट बसलेल्या सॅकमध्ये भाराचा मोठा हिस्सा, साधारण सत्तर-ऐंशी टक्के, कमरपट्ट्यातून या हाडावर उतरतो आणि खांद्याच्या पट्ट्यांचं काम उरतं ते सॅक मागे कलू न देण्याचं. हे एवढं साधं तत्त्व. पण बाजारातल्या बहुतेक स्वस्त सॅकना कमरपट्टा असतो तो नावापुरता, दोन बोटं रुंदीची नायलॉनची पट्टी.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन टेकडी चढतात, त्यांना कुठे लागतो कमरपट्टा? प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर त्यातच आहे. चुंबळीवर ठेवलेला हंडा कण्याच्या थेट रेषेत असतो. तो पुढे ओढत नाही, मागे ओढत नाही; वजन सरळ खाली उतरतं. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर झालेला एक अभ्यास 'नेचर'मध्ये १९८६ साली छापून आला. त्यात दिसलं की आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचा भार लुओ बायका डोक्यावरून जवळजवळ जास्तीची शक्ती न खर्चता नेतात. अर्थात त्यामागे लहानपणापासूनची सवय असते, आणि वर्षानुवर्षं पाणी वाहिल्याने त्यांच्या मानेचे हाल होत नाहीत असं कुणी समजू नये. आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. वारकऱ्याची जुनी पडशीसुद्धा निम्मं ओझं पुढे आणि निम्मं मागे टाकून हाच तोल साधते. पाठीवरच्या सॅकला ते जमत नाही. तिचं सगळं वजन कण्याच्या मागे असतं, म्हणून आपण पुढे वाकतो. वजनाचा मध्य पाठीपासून पंधरा सेंटिमीटरवर असेल तर दहा किलोंची मागे ओढ एक. तोच पंचवीस सेंटिमीटरवर गेला की तेवढ्याच किलोंची ओढ दीडपटीहून जास्त होते. म्हणून सॅक पाठीला चिकटून बसली पाहिजे, आणि म्हणूनच तिचं माप पाहायला हवं.

कमरेवर भार उतरवायची कल्पना तशी फार जुनी नाही. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ साली ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि कमरेला बांधायचा पट्टा लोकांच्या सवयीचा झाला. पुढे १९६७ साली ग्रेग लो यांनी ती चौकट सॅकच्या आत घातली. आज दुकानात टांगलेली प्रत्येक मोठी सॅक या दोघांची वंशज आहे. यातून गिऱ्हाइकाने घ्यायची गोष्ट अशी की कमरपट्टा एकटा काही करत नाही. वरचं वजन खाली कमरेपर्यंत पोचवायला मधे काहीतरी ताठ लागतं: ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, वाकवलेली सळई किंवा प्लॅस्टिकचा कडक पत्रा. ते नसेल तर कितीही जाड कमरपट्टा लावा, सॅक मधोमध बसकण मारते आणि भार परत खांद्यावर जातो. दुकानात हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं. रिकामी सॅक काउंटरवर उभी करायची, वरच्या टोकावर तळहात ठेवून खाली दाबायचं. पाठ ताठ राहिली तर आत फ्रेम आहे. घडी पडली तर ती सॅक पाच-सहा किलोंच्या पलीकडे वापरायची नाही, मग तिच्यावर पन्नास लिटर लिहिलेलं असो की सत्तर.

आता माप. घरात शिंप्याची टेप असतेच, आणि एक माणूस मदतीला लागतो. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक उंचवटा होऊन हाताला लागतो. मानेतला हा सातवा मणका. माप इथून सुरू. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, बोटं पुढे आणि अंगठे मागे, आणि दाबून कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची. पुष्कळ जण पँटचा पट्टा जिथे असतो तिथे हात ठेवतात. हाड त्याच्या बरंच वर सापडतं. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ जिथे कण्याला छेदते, तिथे माप संपतं. टेप मणक्याच्या वळणावळणाने खाली न्यायची, ताणून सरळ धरायची नाही. मोठ्या माणसांत हे माप साधारण ३८ ते ५४ सेंटिमीटरच्या मधे येतं. यात गंमत अशी की उंचीवरून याचा अंदाज बांधता येत नाही. पाच फूट आठ इंचांच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि पाठ आखूड असते, दुसऱ्याचं उलट. एकाला बेतलेली सॅक दुसऱ्याला त्रास देते, आणि दोघंही समजतात की आपल्यालाच चालायची सवय नाही.

माप चुकलं की ते ओळखू येतं. सॅकची पाठ लांब असेल तर कमरपट्टा हाडावरून घसरून खाली बसतो, पाय उचलताना मांड्यांना अडतो, नाहीतर खांद्याच्या मागे पट्टा आणि पाठ यांच्यामधे पोकळी दिसते. आखूड असेल तर कमरपट्टा वर पोटावर चढतो आणि श्वासाला आडवा येतो, खांद्याचे पट्टे खाली खेचत राहतात. बरोबर बसलेल्या सॅकमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या वरच्या कडेपासून तीन-चार बोटं खाली सॅकला जोडलेले असतात आणि पुढून मागेपर्यंत अंगाला लागून जातात, मधे कुठेही उजेड दिसत नाही. खांद्यावरून तिरपे वर जाणारे दोन छोटे पट्टे असतात, बरेच लोक त्यांना शोभेचे समजतात. ते साधारण ४५ अंशांत वर गेले पाहिजेत. त्यांचं काम सॅकचा माथा मागे ढळू न देण्याचं. आडवे पडले असतील तर सॅक तुमच्यासाठी आखूड आहे. काही सॅकमध्ये पाठीची लांबी वेल्क्रोने किंवा पायऱ्यांसारख्या खाचांनी कमी-जास्त करता येते. घरात दोघं-तिघं मिळून एक सॅक वापरणार असतील तर हीच घ्यावी. एरवी ठरलेल्या मापाची घ्यावी, कारण सरकणारी व्यवस्था वजन वाढवते आणि वर्षा-दोन वर्षांनी कुरकुरायला लागते.

बायकांसाठीची सॅक म्हणजे तीच सॅक जांभळ्या रंगात, हा समज अजून पुष्कळ दुकानांत आहे. खरा फरक तीन ठिकाणी असतो. पाठीचं माप आखूड, खांद्याचे पट्टे एकमेकांच्या जवळ आणि छातीच्या बाजूने वळण घेऊन जाणारे, आणि कमरपट्टा खालच्या बाजूला पसरट. रुंद खांद्याच्या पुरुषासाठी बेतलेले पट्टे अरुंद खांद्यांवरून सारखे घसरतात आणि ते धरून ठेवायला छातीचा पट्टा करकचून आवळावा लागतो. छातीचा पट्टा एवढा आवळायची वेळ आली की समजावं, सॅक चुकलीय. तो कॉलरबोनच्या दोन-तीन बोटं खाली नुसता लागून राहिला पाहिजे. अर्थात आखूड पाठीच्या पुरुषाला बायकांची सॅक बसत असेल तर त्याने ती खुशाल घ्यावी. लेबल पाठीला कळत नाही.

कमरपट्ट्याच्या बाबतीत परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत एक गोष्ट कुठेच नसते, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला ती अडचण येत नाही. आपल्याकडे कमरेला नाडी असते. सलवारीची किंवा पायजम्याची नाडी जिथे बांधतात, तिथेच किंवा बोटभर वर-खाली कमरपट्ट्याचं बक्कल येतं, आणि गाठ आत सापडली की तासाभरात तिचा वळ उठतो. साडीत तर निऱ्यांचा जाड थर बरोबर पुढे येतो. नाडीऐवजी सपाट इलॅस्टिकची कंबर असलेली पँट घालणं हा सोपा मार्ग. नाडीच वापरायची असेल तर गाठ बाजूला, हाडाच्या पुढच्या खळग्यात सरकवावी. कातडी पट्टा घालणाऱ्या पुरुषांनी तो काढूनच ठेवावा. बाजूच्या खिशातला मोबाइल, चाव्यांचा जुडगा, सुट्टी नाणी यांचीही जागा कमरपट्ट्याखाली नाही. आणि पट्टा पूर्ण आवळल्यावर दोन्ही बाजूंना ओढायला चार-पाच सेंटिमीटर शिल्लक राहते का, हे बघून घ्यावं. बारीक कमरेच्या माणसाला मोठ्या मापाचा पट्टा शेवटपर्यंत आवळूनही सैल राहतो, आणि मग वर सांगितलेलं सगळं फुकट जातं.

दुसरा आक्षेप असा की एवढा विचार हिमालयात जाणाऱ्यांनी करावा. ब्रह्मगिरीच्या फेरीला किंवा पांडवलेणीला जाणाऱ्याला याचं काय? इथे मात्र आक्षेप घेणाऱ्याचं बरोबर आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला प्रदक्षिणा करणाऱ्याकडे पाण्याची बाटली, रेनकोट, एक कोरडा सदरा आणि डबा, यापलीकडे काही नसतं. चार किलोंच्या आतल्या या सामानाला फ्रेम लावणं म्हणजे उगीच किलोभर वजन वाढवणं. अठरा-वीस लिटरची मऊ सॅक, दोन रुंद पट्टे आणि छातीचा एक पट्टा, एवढं बस. पट्ट्यांची लांबी मात्र इथेही बघायची. कॉलेजातल्या मुलांची सॅक जशी ढुंगणावर आपटत असते तशी ती फेरीत आपटायला लागली, तर चार किलोसुद्धा जड होतात. फ्रेमची आणि कमरपट्ट्याची गरज सुरू होते सहा-सात किलोंपासून, म्हणजे मुक्काम आला की. अलंग-मदन-कुलंगला जाणाऱ्याकडे दोन रात्रींचं अंथरूण-पांघरूण, शिधा, भांडी, पाणी आणि गटाच्या दोराचा वाटा असतो. तिथे मऊ सॅक घेऊन जाणं हा स्वतःवरचा अन्याय.

जाड गादीची सॅक आरामाची, हाही असाच एक समज. दुकानात गादी दाबून पाहतात, अंगठा आत रुतला की खूश. मऊ फोम दुकानात छान वाटतो आणि वजन पडलं की पापडासारखा चपटा होतो; मग खालची कडक शिवण थेट हाडावर येते. फोम थोडा घट्ट हवा, अंगठ्याने दाबल्यावर हळूहळू परत येणारा. पाठीमागे ताणलेली जाळी असलेल्या सॅकचंही तसंच. चैत्र-वैशाखात रामशेज चढणाऱ्याला पाठ कोरडी ठेवणारी जाळी वरदान वाटते, आणि हलक्या सामानाला ती खरोखर चांगली आहे. पण जाळीसाठी सॅकची पाठ आत वाकवलेली असते, त्यामुळे सामान पाठीपासून पाच-सात सेंटिमीटर लांब जातं. बारा किलो असतील तर ती लांबी कमरेला जाणवते. उन्हाळ्यात एका दिवसाच्या चढाईला जाळी, मुक्कामाला पाठीला भिडणारी सॅक, असा हिशेब माझ्या मते बरा. दोन्ही एकाच सॅकमध्ये मागणाऱ्याला दोन्ही अर्धवट मिळतात.

नाशिक जिल्ह्यात साठाहून अधिक किल्ले आहेत आणि त्यातल्या कित्येकांच्या वाटा कातळात खोदलेल्या. इथे सॅकचा आकारसुद्धा बघावा लागतो. हरिहरचंच घ्या. निरगुडपाड्याकडून किंवा हर्षेवाडीकडून वर आलं की जवळजवळ उभ्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी पंजा रुतवायला खोबणी आहे, आणि चढताना डोळ्यांसमोर फक्त वरच्या माणसाची टाच दिसते. ही चढण संपून पहिलं दार ओलांडलं की कड्याच्या पोटात खोदलेली आडवी वाट येते. डोक्यावर खडक, एका बाजूला दरी. माणूस वाकून निघतो, पण डोक्याच्या वर वीतभर गेलेली सॅक वरच्या खडकाला अडते आणि अडली की माणसाला दरीच्या बाजूला ढकलते. अशा वाटेवर डोक्याच्या वर गेलेली, किंवा दोन्ही कुशींना बाटल्या आणि चटई बांधून रुंद केलेली सॅक धोक्याची. अरुंद, खांद्याइतकीच उंच आणि अंगाबाहेर काहीही लोंबत नसलेली सॅक न्यावी. एरवी जड सामान दोन खांद्यांच्या मधे, पाठीला लागून भरायचं असतं. कातळ चढायचा असेल तेव्हा तेच थोडं खाली, कमरेच्या वर आणावं. तोल चांगला राहतो. पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून बांधावीत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवरही लोंबती टोकं कुठेतरी अडकतात, आणि मागे रांग थांबते.

मग सॅक घ्यायची कशी? भरून. रिकामी सॅक प्रत्येकालाच बसते. दुकानदाराकडे वाळूच्या पिशव्या असतीलच असं नाही, म्हणून दोन लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या आणि एक चादर घरून न्यावी. पाणी लिटरला किलो, म्हणजे आठ किलो झाले. चादर तळाशी, बाटल्या तिच्यावर पाठीला लावून. सगळे पट्टे सैल करायचे, सॅक चढवायची, आणि आधी कमरपट्टा. त्याचा मध्य हाडाच्या कडेवर यायला हवा, म्हणजे पट्टा हाडाला वरून कवेत घेतो. तो आवळून झाल्यावर खांद्याचे पट्टे ओढायचे, मग वरचे दोन तिरपे पट्टे, सगळ्यात शेवटी छातीचा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघा. सहज सरकली तर भार कमरेवर आहे. रेटून घालावी लागली तर अजून खांद्यावरच आहे. हे झाल्यावर लगेच पैसे देऊ नयेत. पंधरा-वीस मिनिटं फिरावं, दुकानाचा जिना दोन वेळा चढावा-उतरावा, खाली वाकून बुटाची नाडी बांधावी, मान मागे टाकून छताकडे बघावं. मान मागे जाताना सॅकच्या टोपीला अडली, तर चढणीवर वर बघता येणार नाही. दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्यावा.

ऑनलाइन हीच सॅक निम्म्या भावात मिळते, हा यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो धुडकावून लावण्यासारखा नाही. सेलमध्ये चांगल्या सॅक खरोखर स्वस्त मिळतात. मग वरची बाटल्यांची परीक्षा घरी घ्यावी, लेबल न कापता, बाहेर न नेता, परत करायची मुदत संपायच्या आत. घेण्याआधी एवढं बघावं की सॅकच्या माहितीत पाठीचं माप दिलंय का. ज्या कंपनीने लिटर, खिसे आणि रंग दिले पण पाठीचं माप दिलं नाही, तिने ती सॅक चालण्यासाठी बनवलेलीच नाही असं धरून चालायला हरकत नाही. लिटरवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. काही कंपन्या बाहेरचे खिसे धरून आकडा छापतात, काही फक्त मुख्य कप्प्याचा. दोन चाळीस लिटरच्या सॅकमध्ये पाच-सात लिटरचा फरक सहज निघतो. ढोबळ मानाने एका दिवसाला वीस-पंचवीस, एक-दोन मुक्कामांना पस्तीस-चाळीस, त्यापुढे पन्नास-साठ. मोठी सॅक घेऊन ठेवू, कधीतरी लागेल, या विचाराने घेतलेली सॅक नेहमी भरूनच निघते.

पाऊस हा आपल्याकडे वेगळा विषय आहे. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तासाभराच्या अंतरावर इगतपुरीत तीन हजारांच्या वर. शहरातल्या पावसावरून सॅक पारखणाऱ्याची भंडारदऱ्याच्या वाटेवर फजिती होते. सॅकवर चढवायचं आवरण पुढून आणि वरून येणारं पाणी अडवतं. पण पाठ उघडीच असते, आणि मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून सरळ आत झिरपतं. शिवाय घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात आवरण फुगून उडतं. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधावं आणि कोरडं राहायला हवं ते सगळं तिच्यात ठेवावं. खर्च नगण्य, खात्री आवरणापेक्षा जास्त. कापडाच्या लेबलवर डी अक्षराआधी आकडा असतो, ते डेनिअर: नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, पण पॉलिएस्टरच्या सहाशेपेक्षा नायलॉनचा चारशेवीस फाटण्याला भारी पडतो, म्हणून नुसता आकडा न पाहता धागा कशाचा तेही वाचावं. शिवण बघायची ती तीन ठिकाणी: खांद्याचा पट्टा जिथे वर जोडलाय, जिथे खाली जोडलाय, आणि हातात धरायच्या कडीपाशी. तिथे एकाच जागी दाट उलटसुलट टाके हवेत. चेनचा रनर वळणावर अडखळत असेल तर भरलेल्या सॅकमध्ये तो हमखास तुटणार.

ट्रेकला न जाणाऱ्या प्रवाशाने आता विचारावं की चाकांची बॅग असताना सॅक कशाला. व्हीआयपीचे कारखाने सिन्नर-सातपूरच्या औद्योगिक पट्ट्यात आहेत, त्यामुळे नाशिककराला चाकांच्या बॅगेचं कौतुक असणं स्वाभाविक. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर तिला तोड नाही. पण नाशिकरोडच्या दादऱ्यावर, एसटीच्या पायऱ्यांवर, रामकुंडाच्या घाटावर चाकं कुचकामी, आणि २०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या गर्दीत मागे ओढत नेलेली बॅग इतरांच्या पायांत येण्याचा धोका. प्रवासाची सॅक ट्रेकच्या सॅकपेक्षा एका बाबतीत वेगळी असावी: ती सुटकेससारखी पुढून पूर्ण उघडणारी हवी. वरून भरायच्या सॅकमधून तळाचा टॉवेल काढायला धर्मशाळेत सगळा संसार बाहेर मांडावा लागतो. ओझरहून विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेला देशांतर्गत प्रवासात सात किलोंची आणि साधारण ५५ सेंटिमीटर उंचीची मर्यादा असते. फ्रेमच्या पन्नास लिटर सॅक या उंचीत बसत नाहीत, त्या सामानात द्याव्या लागतात, आणि देण्याआधी सगळे पट्टे आवळून एखाद्या पोत्यात किंवा आवरणात घालाव्यात, नाहीतर बक्कल सामानाच्या सरकत्या पट्ट्यात अडकून तुटतं. गर्दीत सॅक पुढे छातीवर घ्यावी. चोरीपेक्षा मागच्या माणसाच्या तोंडावर ती आपटू नये म्हणून.

वजन किती असावं, याला साधा नियम आहे. शाळेच्या दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, असं राज्य शासनाने २०१५ साली सांगितलं आणि २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही तीच मर्यादा आहे. मोठ्या, सवय असलेल्या आणि नीट बसलेली सॅक घेतलेल्या माणसासाठी मुक्कामाच्या ट्रेकला वीस टक्के ही वरची हद्द मानावी. साठ किलोंच्या माणसाला बारा. जवान तीस-तीस किलो वाहतात हे खरं, पण ते त्यांच्या रोजच्या सरावाचं काम आहे. शुक्रवारी रात्री ऑफिसातून सुटून शनिवारी पहाटे घोटीला उतरणाऱ्याने त्यांच्याशी बरोबरी करू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर मोठ्यांची सॅक लहान करून चढवण्यात तर काहीच अर्थ नाही. मुलाला पाण्याची बाटली आणि त्याचा खाऊ एवढंच द्यावं.

हाती असलेली जुनी सॅक लगेच टाकून द्यायचं कारण नाही. छातीचा पट्टा तुटला असेल, रनर गेला असेल, बक्कल फुटलं असेल तर बॅगा दुरुस्त करणारा कारागीर ते थोडक्यात करून देतो, आणि खांद्याचे पट्टे उसवून बोट-दोन बोटं खाली शिवून घेतले तर आखूड पाठीच्या माणसाचा पुष्कळसा त्रास कमी होतो. सॅक धुताना यंत्रात घालू नये. कोमट पाण्यात हाताने, थोड्या सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत उलटी टांगावी. पावसाळ्यातून परत आल्यावर ओलीच माळ्यावर टाकली की कापडाच्या आतला पाणी अडवणारा थर दमटपणाने सडू लागतो. आत हात घातल्यावर तो चिकट लागला, सालीसारखा सुटून कपड्यांना लागू लागला, तर ती सॅक इगतपुरीच्या पावसात न्यायची नाही. हिवाळ्यात साल्हेरला ती अजून दोन-चार वर्षं सहज चालते.